लॅपटॉप घेताना आधी कीबोर्ड बघा, प्रोसेसर कुठे पळून जात नाही

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की सगळे पहिल्यांदा प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी बघतात. मीही तेच करायचो. मागच्या वेळी घेतलेल्या लॅपटॉपात ही तिन्ही प्रकरणं एकदम झकास होती, फक्त पॉवरचं बटण कीबोर्डातच उजव्या कोपऱ्यात, डिलीटला चिकटून बसवलेलं होतं आणि मी डिलीट न बघता मारणारा माणूस. पहिल्या आठवड्यात चार-पाच वेळा तरी मशीनला झोपवलं, एकदा तर मीटिंगमध्ये बोलता बोलता. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन पॉवर बटण दाबलं तरी काहीच करू नकोस असं सांगून ठेवलं तेव्हा कुठे सुटलो. तेव्हापासून माझा क्रम उलटा आहे, आधी कीबोर्ड आणि मग बाकीचं.

कारण अगदी साधं आहे हो. डिस्क भरली तर बहुतेकदा मोठी टाकता येते, स्क्रीन लहान वाटली तर बाहेरून मॉनिटर जोडता येतो, काही मॉडेलात रॅमही वाढते, पण कीबोर्ड जसा आला तसाच पुढची पाच वर्षं बोटांखाली राहणार. बाहेरचा कीबोर्ड लावता येतो, नाही असं नाही, पण मग टेबल शोधत फिरायचं आणि लॅपटॉप घेतला कशासाठी ते विसरायचं.

आता कीबोर्ड लेआउट म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकात एक करतात. एक सॉफ्टवेअरचा लेआउट, म्हणजे कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर येणार. तो दोन मिनिटांत बदलतो, बटणावर काय छापलंय याच्याशी कॉम्प्युटरला काही देणंघेणं नसतं. दुसरा म्हणजे बटणांचा आकार आणि जागा. हा धातू-प्लास्टिकचा मामला, कुठल्याही सेटिंगने हलत नाही. बघायचा तो हाच.

बघायला जाण्याआधी एक काम करा, एक दिवस स्वतःच्या बोटांवर लक्ष ठेवा. कागद घ्या आणि अक्षरं सोडून काय काय दाबता ते लिहा. होम-एंड वापरता का, पेज अप-पेज डाउन, उजवा कंट्रोल, उजवा ऑल्ट, प्रिंट स्क्रीन, एफ २, एफ ५? मला वाटायचं मी होम-एंड क्वचित वापरतो, प्रत्यक्षात निघालं की दर दुसऱ्या ओळीला वापरतो. ही यादी तुमची तुमचीच, कुठल्या रिव्ह्यूत मिळणार नाही.

मग ज्या मॉडेलवर डोळा आहे त्याचा वरून काढलेला फोटो शोधून झूम करा. पहिली नजर एंटरवर टाका. आडवं, लांब एंटर असेल तर तो आन्सी पद्धतीचा, उभं आणि उलट्या एलसारखं असेल तर आयएसओ पद्धतीचा. आयएसओमध्ये डावी शिफ्ट तोकडी होते आणि तिच्या नि झेडच्या मध्ये एक जास्तीचं बटण येतं. वाईट दोन्हीपैकी काहीच नाही, सवयीचा प्रश्न आहे, पण दहा वर्षं आन्सीवर टाइप केलेल्या माणसाची करंगळी शिफ्ट समजून त्या जास्तीच्या बटणावर जात राहते. एकच मॉडेल वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या कीबोर्डाने विकतात, त्यामुळे दुसऱ्या देशातून मागवत असाल किंवा जुना घेत असाल तर हे आधी विचारा.

आणि इनस्क्रिप्टवाल्यांनो, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित लेआउटवर मराठी टाइप करणाऱ्यांनो, तुमच्यासाठी खास. इनस्क्रिप्टमध्ये बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे असतात आणि त्यातली बरीचशी कीबोर्डाच्या उजव्या कडेला. च आणि ट एंटरच्या लगेच डावीकडे, ड चौकटी कंसाच्या बटणावर, य उजव्या शिफ्टच्या बाजूला स्लॅशवर, आणि ॉ बॅकस्लॅशवर. म्हणजे लॅपटॉप हा शब्द लिहायलासुद्धा बॅकस्लॅश लागतं. आता गंमत अशी की जागा कमी पडली की कंपन्या पहिल्यांदा नेमकी हीच उजवी कड आवळतात, कारण इंग्रजीत तिथे चिन्हंच असतात, कोण बघतंय. कंसाची बटणं अर्धी, बॅकस्लॅश एंटरला चिकटवलेलं, असं सगळं. आयएसओ कीबोर्डावर तर ॉ एक ओळ खाली, एंटरच्या शेजारी सरकतो. इंग्रजी रिव्ह्यू लिहिणाऱ्याला हा कीबोर्ड छान वाटेल आणि तुमचा प्रत्येक ड चुकेल. फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी उमटवणारी पद्धत, वापरत असाल तर हा परिच्छेद विसरा.

ॲरो की बघताना वरचा-खालचा बाण अर्ध्या उंचीचा असला तर चालतं, पण डावा-उजवा पूर्ण उंचीचा नको, कारण चारही बाण उलट्या टीच्या आकारात असले की बोटाला न बघता कळतं कुठे आहोत. ॲपलनेसुद्धा मधली काही वर्षं पूर्ण उंचीचे आडवे बाण देऊन बघितले आणि २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोपासून परत उलटा टी आणला. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे वरचा बाण उजव्या शिफ्टच्या आणि स्लॅशच्या मध्ये घुसवलेला. असा दिसला की मी टॅबच बंद करतो.

खालचा डावा कोपरा बघा, तिथे कंट्रोल आहे की फंक्शन (एफएन)? लेनोव्होच्या थिंकपॅडवर वर्षानुवर्षं फंक्शन कोपऱ्यात होतं आणि कंट्रोल त्याच्या उजवीकडे. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, दोन्हींची अदलाबदल करायची सोय असते, २०२४ च्या काही मॉडेलांपासून त्यांनी स्वतःच जागा बदलली. उजव्या कोपऱ्यात २०२४ पासून नवीन पाहुणा आलाय, मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस उघडणारी कोपायलट की, आणि तो बऱ्याच ठिकाणी उजव्या कंट्रोलच्या नाहीतर मेनू बटणाच्या जागेवर बसलाय. उजवा कंट्रोल तुमच्या यादीत असेल तर इथे थांबून विचार करा. वरच्या ओळीत एफ १ ते एफ १२ च्या जागी आवाज-ब्राइटनेस आधी येत असेल तर घाबरू नका, बहुतेक मशीनमध्ये फंक्शन लॉक असतं, बऱ्याचदा फंक्शन आणि एस्केप एकत्र दाबून.

नंबर पॅडवर भांडणं होतात. हिशेब, टॅली, एक्सेलमध्ये दिवसभर आकडे भरणाऱ्याला तो पाहिजेच, त्यात वाद नाही. बाकीच्यांनी मात्र एकदा त्यावर बसून बघावं. १५-१६ इंची लॅपटॉपात नंबर पॅड घातला की अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो, मग एक तर तुम्ही स्क्रीनच्या मधोमध बसून हात डावीकडे नेता किंवा हातांसमोर बसून मान उजवीकडे वळवता. टचपॅड स्पेसबारखाली ठेवलेला असेल तर तोही डावीकडे, आणि मधोमध असेल तर उजवा तळवा त्यावर टेकून कर्सर उड्या मारतो. महिन्यातून दोनदा आकडे भरायचे असतील तर वेगळा यूएसबी नंबर पॅड मिळतो, तो घ्या.

आता हाताला कसं वाटतं ते. दोन आकडे लक्षात ठेवा, एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असेल तर तो पूर्ण आकाराचा कीबोर्ड, आणि बटण खाली किती जातं, म्हणजे ट्रॅव्हल, ते हल्ली १ ते १.५ मिलिमीटर असतं. पण ट्रॅव्हलच सगळं नसतं, बटण दाबताना मध्येच जो हलका अडथळा लागतो नि सुटतो तो स्पष्ट हवा. पातळपणाच्या हट्टापायी काय होतं ते २०१५ च्या मॅकबुकपासून आलेल्या बटरफ्लाय कीबोर्डाने दाखवलं. धुळीच्या कणाने बटणं अडकायची किंवा एकदा दाबून दोनदा उमटायची, २०१८ मध्ये ॲपलला फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०१९ च्या शेवटी परत बटणांखालच्या जुन्या कात्रीसारख्या (सिझर) यंत्रणेवर यावं लागलं.

बॅकलाइट असेल तर दिवसासुद्धा लावून बघा. चंदेरी बटणांवर पांढरा उजेड असला की खिडकीजवळ अक्षरं चक्क गायब होतात, काळ्या बटणांना हा त्रास नाही.

प्रत्यक्ष मशीन हाताशी मिळालं तर दहा मिनिटं उभ्याने नाही, बसून टाइप करा. तुमचंच काहीतरी, परवाची मेल आठवून लिहा. जी आणि एचच्या आसपास जरा जोरात दाबा, पाटी झोपाळ्यासारखी हलते का? स्पेसबार अगदी कडेला दाबून बघा, टचपॅडचे खालचे दोन्ही कोपरे क्लिक करा, मनगटाला पुढची कड टोचते का बघा. दुकानातला माणूस प्रोसेसरबद्दल बोलत राहील, बोलू दे.

बाकी हार्डवेअरमध्ये जे नंतर बदलता येत नाही त्यालाच वेळ द्या. रॅम सोलडर केलेली, म्हणजे बोर्डालाच कायमची जोडलेली, आहे का हे बघायला कंपनीच्या साइटवरचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा, त्यात स्लॉटचं चित्र असतं, विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा ते खरं. स्पेसिफिकेशनमध्ये रॅमचा प्रकार एलपीडीडीआर लिहिला असेल तर जवळजवळ नक्कीच सोल्डर केलेली, मग पहिल्याच दिवशी पुरेशी घ्या. त्याच मॅन्युअलमध्ये कीबोर्ड कसा निघतो तेही बघून घ्या, काही ठिकाणी तो चार स्क्रूंवर असतो आणि काही ठिकाणी वरच्या अख्ख्या पत्र्याला रिव्हेट केलेला, म्हणजे चहा सांडला की पत्र्यासकट बिल.

यूएसबी-सीचं भोक सगळीकडे सारखंच दिसतं पण आतून एकसारखं नसतं. एकावर चार्जिंग होईल, मॉनिटर चालेल, दुसऱ्यावर फक्त पेन ड्राइव्ह. पॉवर डिलिव्हरी (चार्जिंगसाठी) आणि डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरसाठी) हे दोन शब्द त्या पोर्टापुढे लिहिलेत का शोधा. एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के मॉनिटर ३० हर्ट्झवरच चालतो, माऊसचा कर्सर रखडत चालल्यासारखा वाटतो, २.० पाहिजे. स्क्रीनची रुंदी-उंची १६:१० असेल, नेहमीच्या १६:९ पेक्षा उंच, तर लिहिणाऱ्याला दोन-चार ओळी जास्त दिसतात. ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) असं कुठे बारीक अक्षरात दिसलं तर रंग फिके असणार हे धरून चला, आणि २५० निट्स एवढ्याच उजेडाची स्क्रीन खिडकीशी लढू शकत नाही. बॅटरीचे तास कंपनी काहीही लिहिते, बॅटरीची क्षमता म्हणजे वॉट-अवर बघा.

घरी आणल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत ब्राउझरमध्ये कीबोर्ड टेस्टरची साइट उघडून प्रत्येक बटण एकदा दाबा, शिफ्टसकट. कॅप्स लॉक वापरत नसाल तर विंडोजवरच्या मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज प्रोग्रामने त्याचा कंट्रोल करून टाका, करंगळी खूश होते.

सध्याच्या माझ्या लॅपटॉपात पॉवरचं बटण बाजूला, कीबोर्डाच्या बाहेर आहे, होम-एंड वेगळे आहेत, ड पूर्ण रुंदीचा आहे. फक्त प्रिंट स्क्रीन उजव्या ऑल्टच्या शेजारी घातलंय, ते फोटोत माझ्या नजरेतून सुटलं, आणि आता फोल्डरमध्ये स्वतःच्याच अर्धवट मेलचे दोनशे-तीनशे स्क्रीनशॉट पडलेत.