लॅपटॉप कुठला घेऊ विचारण्याआधी फाइल्स कुठे ठेवणार ते ठरवा

युनिव्हर्सिटीत ॲडमिशन झाली की पहिला प्रश्न हमखास हाच, लॅपटॉप कुठला घेऊ. ज्युनियर्स मलाही विचारतात आणि मी आधी उलट विचारते, तुझ्या फाइल्स कुठेकुठे ठेवल्यास?

कारण शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट सबमिट करायला नऊ दिवस असताना माझ्या लॅपटॉपची एसएसडी, म्हणजे फाइल्स साठवायची ड्राइव्ह, गेली. रात्री नीट बंद केला, सकाळी चालूच होईना. जुन्या हार्ड डिस्क बिघडायच्या आधी निदान खडखड आवाज करायच्या, एसएसडीत फिरणारं काही नसतंच, त्यामुळे ती बऱ्याचदा न सांगता जाते. डेटा रिकव्हरीवाल्यांनी पण हात टेकले. गाईडना मेल केलेले दोन चॅप्टर तेवढे वाचले, बाकी रीडिंग्ज, ग्राफ, कोड सगळं पुन्हा केलं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

तेव्हापासून बॅकअपचा ३-२-१ नियम पाळते. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या स्टोरेजवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी, म्हणजे बॅगच चोरीला गेली तरी काम शाबूत. माझं साधं आहे, लॅपटॉप, एक एक्सटर्नल डिस्क (ती बॅगेत ठेवत नाही) आणि क्लाउड. पेनड्राइव्ह फक्त इकडून तिकडे न्यायला. आणि एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते, सिंक (फोल्डर क्लाउडशी आपोआप जुळवून ठेवणं) म्हणजे बॅकअप नाही! लॅपटॉपवरच्या सिंक फोल्डरमधून फाइल उडवली की क्लाउडवरूनही उडते, गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस असते आणि मग कायमची जाते, म्हणून चुकून काही डिलीट झालं तर आधी ट्रॅश बघा.

दुसरं म्हणजे झोटेरो, वाचलेले पेपर आणि त्यांचे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर, हे पहिल्याच सेमिस्टरला टाका. २००६ पासून आहे, ओपन सोर्स आणि फुकट. ब्राउझरमधलं बटण दाबलं की पेपर सगळ्या माहितीसकट सेव्ह होतो, वर्डमध्ये सायटेशन (संदर्भाचा उल्लेख) तिथूनच घालता येतं, आणि गाईड ऐनवेळी म्हणाले एपीए नको आयट्रिपलई पाहिजे (या संदर्भ लिहायच्या पद्धती) तर स्टाइल बदलायची, अख्खी यादी आपोआप बदलते. एखादा पेपर मागे घेतला गेला असेल तर तेही दाखवतं, हे मला फार मोलाचं वाटतं. फुकट ऑनलाइन स्टोरेज ३०० एमबीच आहे पण ते जोडलेल्या पीडीएफना लागतं, नुसत्या नोंदी कितीही ठेवा. फक्त सेव्ह झालेली नावं, वर्ष एकदा डोळ्याखालून घाला, कधीकधी चुकीचं येतं.

आता लॅपटॉप. आधी डिपार्टमेंटला विचारा कुठली सॉफ्टवेअर लागणार, सॉलिडवर्क्ससारखी (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) काही विंडोजसाठीच असतात. हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून जमत असेल तर घेतानाच १६ जीबी घ्या. रोज पाठीवर न्यायचाय तर वजनही बघा. सतत चार्जरला लावून वापरणार असाल तर सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का शोधा, लिथियम आयन बॅटरी कायम फुल आणि गरम राहिली की लवकर उतरते.

टॅबलेट? गणितं, आकृत्या हाताने काढत असाल तर खरंच उपयोगी, नाहीतर राहू द्या. सॉफ्टवेअरवर पैसे घालवायच्या आधी मात्र युनिव्हर्सिटीचा ईमेल वापरून बघा, ऑटोडेस्क (डिझाइन), जेटब्रेन्स (कोडिंग) वगैरे कंपन्या विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर फुकट देतात.

आणि बॅकअप घेतलात की तो उघडून पण बघा. मी महिन्यातून एकदा एक्सटर्नल डिस्क लायब्ररीतल्या कम्प्युटरला लावते आणि त्यातल्या दोनतीन फाइल्स उघडते, पाच मिनिटंही लागत नाहीत.