एकाचा नऊ होऊ नये म्हणून: गणिताच्या वहीतलं वळण

गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीकडचं मूल मराठी शाळेतून चौथी होऊन पाचवीला इंग्रजी माध्यमात जातं, तेव्हा त्याच्या वहीत दोन्ही अंक एकत्र नांदू लागतात. मराठी १ हा इंग्रजी नऊ वाटतो, ४ चं डोकं मिटलं की इंग्रजी आठ. अक्षर मोत्यासारखं नसलं तरी चालेल. फसवणाऱ्या जोड्या तेवढ्या सोडवायच्या.

आधी चाचणी घ्या. सगळे अंक आणि बीजगणितातली अक्षरं परीक्षेच्या वेगाने, उलटसुलट क्रमाने लिहायला सांगा. (ओळीने लिहिलेले अंक कुणीही अंदाजाने वाचतो.) मग घरातल्या दुसऱ्याच कुणाकडून ती मोठ्याने वाचून घ्या. तो अडखळेल तिथेच काम आहे.

एका उदाहरणात एकाच लिपीचे अंक ठेवा. इंग्रजी एक म्हणजे नुसता उभा दंडा, सातला मधोमध आडवी रेघ. चार वरून उघडा, नऊचं डोकं पुरतं मिटलेलं. पाचाची टोपी अंगाला चिकटलेली हवी, नाहीतर एस होतो. घरात १९६१ पूर्वीचे पोर्तुगीज कागद असतील तर दशांशाच्या जागी स्वल्पविराम दिसेल; तो उचलू नका, आपल्याकडे तो हजार-लाखांसाठी असतो.

खरी डोकेदुखी एक्सची. तो पाठीला पाठ लावलेल्या दोन वक्र रेषांनी काढावा. गुणाकाराची फुली सरळ रेषांची. बीजगणित सुरू झालं की मी तर फुली सोडूनच द्यायला सांगेन. ती एक्सशी गोंधळते ही तक्रार जर्मन गणितज्ञ लायब्निझनेही १६९८ मध्ये योहान बर्नुली या गणितज्ञाला पत्रातून कळवली होती, आणि लायब्निझ स्वतः गुणाकाराला टिंब वापरत असे. हे टिंब ओळीच्या मध्यावर द्या, दशांशचिन्ह तळाला. उदाहरणात दशांश असतील तर टिंबही नको, कंस बरा.

झेडला आडवी रेघ, टीला खाली आकडी (नाहीतर + होतो), छोट्या एलला वर फास.

अपूर्णांकाची रेघ बरोबरच्या चिन्हाच्या मध्यावर यावी. घातांक लहान आणि स्पष्ट वर. वर्गमुळाचं छप्पर शेवटच्या पदापर्यंत न्या. अर्धवट छपरापायी उत्तरं चुकतात.

वेगळी पानं गिरवायला लावू नका. रोजच्या गृहपाठातच आठवड्याला एक जोडी सुधारा. बोर्डाची परीक्षा तोंडावर असेल तर मात्र वळणाला हात लावू नये.