पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च: आधी अर्थसाहाय्य, मग कर्ज

पदव्युत्तर शिक्षणासाठी पैसा उभा करताना, जो परत करावा लागत नाही अशा पैशाचा शोध प्रथम घ्यावा. शिष्यवृत्ती, संशोधनवृत्ती आणि अध्यापन वा संशोधन साहाय्यकाचे काम हे त्याचे मुख्य मार्ग होत. यांपैकी अनेकांची मुदत प्रवेशअर्जाबरोबरच किंवा त्याआधी संपते, म्हणून प्रवेश निश्चित होईपर्यंत थांबू नये. साहाय्यकपदाचे पत्र हाती आले, की शुल्कमाफी पूर्ण आहे की अंशतः, सुट्टीच्या महिन्यांत मानधन मिळते का आणि दुसऱ्या वर्षी ते कोणत्या अटीवर चालू राहते, हे विभागाला लेखी विचारावे. यात संकोच करण्यासारखे काहीच नाही.

उरलेल्या रकमेपुरतेच कर्ज घ्यावे. सरकारी योजनेत परतफेडीच्या सवलती सहसा अधिक असतात, म्हणून ती आधी पाहावी आणि मग बँकेकडे वळावे. व्याजदर स्थिर आहे की बदलता, प्रक्रिया शुल्क किती, तारण वा जामीनदार लागतो का, हे ताडून पाहावे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते शिक्षण चालू असतानाच्या व्याजाकडे. हप्ते नंतर सुरू होतात, पण व्याज बहुधा रक्कम उचलल्या दिवसापासूनच चढू लागते. सगळी रक्कम सुरुवातीलाच 10 टक्के सरळव्याजाने उचलली, तर दोन वर्षांत मुद्दलाच्या 20 टक्के व्याज साचते, आणि ते मुद्दलात मिळवले गेले की पुढे त्या व्याजावरही व्याज लागते. म्हणून रक्कम सत्रागणिक उचलावी आणि झेपेल तर शिकत असतानाच दरमहा निदान व्याज तरी भरत राहावे.