परदेशी जाताना अंगावर काय असावं, बॅगेत काय आणि घरी काय

टूरचं बुकिंग झालं की घराघरांत पहिला प्रश्न निघतो तो मंगळसूत्राचा आणि बांगड्यांचा. प्रश्न रास्त आहे. २०२५ मध्ये सोन्याचा दहा ग्रॅमचा भाव लाखापलीकडे गेला. त्यामुळे चार तोळ्यांच्या पाटल्या घालून रोमच्या बसमध्ये चढणं म्हणजे चार-पाच लाख रुपये मनगटावर उघडे ठेवणं. पण त्याच वेळी पर्सच्या वरच्या खणात फोन अर्धा बाहेर डोकावत असतो, आणि त्याची काळजी कुणी करत नाही. तो गेला तर बँकेचे ओटीपी, तिकिटं, हॉटेलचा पत्ता, टूर मॅनेजरचा नंबर सगळंच जातं.

म्हणून प्रत्येक वस्तूबद्दल दोन गोष्टी विचारा. गेली तर पैशांत किती जाईल? आणि गेली तर उरलेले दिवस काय अडेल? जिच्यात पैसा अडकलाय पण जिच्यावाचून काही अडत नाही, ती वस्तू घरी किंवा लॉकरमध्ये ठेवा. जिच्यावाचून अडतं ती न्यावीच लागते, आणि खरी तयारी तिचीच करायची असते.

सोनं: काय चालतं, काय नको

लांब वाटी मंगळसूत्र, तोडे, पाटल्या, गोठ, जाड चेन आणि खड्यांच्या अंगठ्या घरी ठेवा. गळ्यात लहानशी काळी पोत आणि कुर्त्याच्या आत राहील असं पेंडंट, कानात फिरकीच्या लहान कुड्या, हातात काचेची किंवा साधी एखादी बांगडी एवढं पुरतं. लग्नाची अंगठी घालायचीच असेल तर ती बोटात नीट बसते का ते पाहा. विमानात बोटं सुजतात आणि थंडीत बारीक होतात. स्वित्झर्लंडच्या युंगफ्राऊयोखला ३,४५४ मीटरवर फोटोसाठी घाईघाईने हातमोजा ओढला की ढिली अंगठी त्याच्याबरोबर निघते आणि बर्फात पडते. अशा ठिकाणी ती आधीच काढून आतल्या चेनच्या खिशात टाका.

‘एक ग्रॅम’चे दागिने नेले की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. चोराला गळ्यातली चेन बावीस कॅरेटची आहे की मुलामा दिलेली, हे लांबून कळत नाही. तो ओढतो ती ओढतोच, आणि मानेवर वळ उठतो तो खराच असतो. खोटे दागिने हॉटेलातल्या जेवणासाठी किंवा नातेवाइकांच्या समारंभासाठी ठीक. रस्त्यावर तेही झाकलेलेच बरे.

लग्नकार्यासाठी खरोखर जास्त सोनं न्यायचं असेल तर जाताना भारतीय कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. हे दागिने भारतातूनच नेले होते याचा तो पुरावा. परत येताना तो हातात नसेल तर ‘हे तिकडे घेतलं नाही कशावरून?’ या प्रश्नाला आपल्यापाशी तोंडी उत्तराशिवाय काही उरत नाही. हे सर्टिफिकेट घेण्यासाठी पासपोर्ट, तिकीट, सराफाच्या पावत्या, सरकारमान्य मूल्यांकनकाराचा दाखला आणि प्रत्येक दागिन्याचा स्पष्ट फोटो बरोबर ठेवा. जुन्या दागिन्यांच्या पावत्या बहुधा सापडत नाहीत, म्हणून मूल्यांकनाचा दाखला निघायच्या आठवडाभर आधी करून घ्या. दागिने अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष दाखवावे लागतात. ते चेक-इन बॅगेत गेले असतील तर दाखवणार काय? कस्टम्सचा कक्ष कुठे आहे ते चेक-इन काउंटरवरच विचारा आणि नेहमीपेक्षा तास-दीड तास आधी पोहोचा. महागडं घड्याळ किंवा लेन्ससकट मोठा कॅमेरा नेत असाल तर त्याचीही नोंद सीरियल नंबरसह करून घेता येते. लॅपटॉपची चिंता नको. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो.

दुबईहून येणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे घेतलेली नवी चेन जुन्या दागिन्यांत मिसळून अंगावर घालू नका. कोरं, चोवीस कॅरेटचं, घडणावळ नसलेलं सोनं अधिकाऱ्याच्या नजरेला लगेच वेगळं दिसतं, आणि मग जुन्याबद्दलही संशय येतो. पावती वेगळी, डबी वेगळी, आणि शुल्कमाफीच्या सवलतीपेक्षा जास्त असेल तर सरळ रेड चॅनल, म्हणजे कस्टम्सला माल जाहीर करण्याचा मार्ग.

विमानतळावर

चेक-इन बॅगेत दागिने, रोकड, कॅमेरा, लॅपटॉप यातलं काही घालू नका. बॅग हरवली तर मॉन्ट्रियल करार या विमानप्रवासाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार विमान कंपनीवर येणारी जबाबदारी प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे ढोबळमानाने दोन हजार डॉलरपर्यंतच मर्यादित आहे. त्यातही मौल्यवान वस्तू चेक-इन बॅगेत ठेवू नका, असं कंपन्यांच्या अटींत आधीच लिहिलेलं असतं.

वस्तू हरवण्याची हुकमी जागा म्हणजे सुरक्षा तपासणीचा ट्रे. घड्याळ, अंगठी, चेन सुटी ट्रेमध्ये टाकली जाते, पुढे रांग ढकलते, बूट घालायच्या गडबडीत ट्रे तसाच राहतो. रांगेत उभं राहण्याआधीच सगळं एका चेनच्या पाऊचमध्ये आणि पाऊच हँडबॅगेत टाका. न निघणाऱ्या बांगड्या आणि पायमोज्याआडची जोडवी यंत्राला आवाज करायला लावतात. ते आधीच सांगितलं तर काम लवकर होतं. हाताने तपासणी करायची वेळ आली तर अमेरिकेत स्त्री प्रवाशाची तपासणी स्त्री अधिकारीच करते, आणि ती खासगी खोलीत करा असं सांगता येतं.

पॉवर बँक फक्त हँडबॅगेत. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी कंपनीची मंजुरी लागते. हिशेब सोपा आहे. २०,००० एमएएचला ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागलं की ७४ वॉट-अवर. आकडा पुसट झालेली पॉवर बँक सरळ जप्त होते, तेव्हा छापील आकडा दिसतो ना ते घरीच बघा. एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच मनाई केली आहे आणि प्रवाशामागे एकच नेऊ देतात. ई-सिगारेट सिंगापूरला किंवा थायलंडला चुकूनही नेऊ नका. ड्रोन हौसेने तिकडे घेतला तर तो परत आणता येत नाही, कारण भारतात ड्रोनच्या आयातीवर २०२२ पासून बंदी आहे.

रस्त्यावर आणि हॉटेलात

युरोपात खिसेकापू कुठे असतात हे गुपित नाही: रोममध्ये तेर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस, पॅरिसची मेट्रो आणि विमानतळाहून येणारी आरईआर-बी ही उपनगरी गाडी, बार्सिलोनाचा ला राम्ब्ला हा रस्ता, प्रागची २२ नंबरची ट्राम. २०१३ मध्ये खिसेकापूंच्या उपद्रवाला कंटाळून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी काम बंद केलं आणि संग्रहालय एक दिवस बंद राहिलं. मोनालिसासमोर सगळे हात वर करून फोटो काढत असतात, म्हणजे खाली पर्सकडे कुणाचंच लक्ष नसतं.

पद्धती ठरलेल्या आहेत. कागद पुढे करून सही मागणाऱ्या मुली, पॅरिसच्या साक्रे-केर चर्चच्या पायऱ्यांशी मनगटाला दोरा बांधणारे, ‘ही तुमची अंगठी पडली का?’ विचारणारा, अंगावर काहीतरी चिकट उडवून पुसायला धावणारा. प्रत्येकात एकजण तुमचे हात किंवा डोळे गुंतवतो, दुसरा काम करतो. थांबू नका, उत्तर देऊ नका, हात खिशाबाहेर काढू नका. साध्या कपड्यातला ‘पोलीस’ पाकीट तपासायला मागू लागला तर पाकीट देऊ नका. ठाण्यात चला म्हणा.

पर्स क्रॉसबॉडी घ्या, चेन पुढच्या बाजूला आणि हात तिच्यावर. सॅक गर्दीत पोटावर. पासपोर्ट आणि एक कार्ड कपड्यांच्या आतल्या पाऊचमध्ये, दिवसभराचे युरो वेगळ्या छोट्या पाकिटात. आतला पाऊच चारचौघांत उघडला की तो लपवण्याचा उपयोग संपला. पैसे सकाळी खोलीतच वेगळे काढा.

सगळ्यात बेसावध क्षण हॉटेलातल्या नाश्त्याचा. खुर्चीवर पर्स टाकून ‘जागा धरायची’ आणि चौघांनी मिळून बुफेकडे जायचं, ही आपली सवय चोरांनाही ठाऊक आहे. एकाने टेबलाशी बसा. खोलीतली तिजोरी वापरायची तर आधी दार उघडं ठेवून कोड टाकून पाहा, आणि आपल्या बुटांपैकी एक आत ठेवा, म्हणजे पहाटेच्या चेक-आउटला विसरायची सोय राहत नाही. रोज हॉटेल बदलणाऱ्या टूरमध्ये मात्र तिजोरीच्या भानगडीत पडूच नका. जेवायला उतरताना बसमध्ये काही किमती ठेवू नका, चालक गाडीत असला तरी.

महागड्या घड्याळाबद्दल दुमत नको: घरी. लंडन, पॅरिस, बार्सिलोना इथे मनगटावरची घड्याळं हेरूनच लांबवली जातात.

फोन

लंडनमध्ये इलेक्ट्रिक सायकलवरून मागून येऊन हातातला फोन हिसकावतात. नकाशा पाहायचा असेल तर फूटपाथच्या कडेला नको, भिंतीला पाठ लावून उभे राहा. मेट्रोत दाराजवळ फोन काढू नका. दार मिटता मिटता हात आत येतो आणि चोर फलाटावर राहतो. मनगटाला दोरी अडकवता येईल असं कव्हर दोन-तीनशे रुपयांत मिळतं.

उघड्या स्थितीत हिसकावलेला फोन म्हणजे उघडी बँक, म्हणून निघण्याआधी ही कामं करा:

१. स्क्रीन आपोआप लॉक होण्याची वेळ ३० सेकंद ठेवा. आयफोनवर स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन आणि अँड्रॉइडवर थेफ्ट डिटेक्शन लॉक ही चोरीविरोधी सेटिंग्ज चालू करा.
२. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर ओटीपी लॉक असलेल्या फोनवरही वाचता येतो. विमान मोडचं बटणही लॉक स्क्रीनवरून काढून टाका; चोर पहिल्यांदा तेच दाबतो.
३. सिमला पिन लावा. तीनदा चुकलं की पीयूके, म्हणजे सिम उघडण्याचा कोड मागतं, म्हणून कंपनीकडून आधीचा पिन विचारून घेऊनच बदला.
४. बँकेच्या अॅपमध्ये कार्डांचा परदेशी वापर गरजेपुरताच चालू ठेवा, आणि कार्ड टॅप करून होणाऱ्या खर्चाची मर्यादा कमी करा.
५. गुगल खात्याचे दहा बॅकअप कोड आणि बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून सूटकेसमध्ये ठेवा. फोनचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआयही तिथेच लिहा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल केलं की तो दिसतो.

आमच्या मते सगळ्यांत उपयोगी उपाय जुना फोन हा आहे. भारतीय सिम त्यात घालून तो हॉटेलात किंवा सूटकेसच्या आत ठेवा, आणि रस्त्यावरच्या फोनमध्ये तिकडचं सिम किंवा ई-सिम. हातातला फोन गेला तरी ओटीपी चालू राहतात. एकच फोन असेल आणि सिम बंद करावं लागलं तर नवं सिम बहुतेक वेळा भारतात परतल्यावरच मिळतं.

अमेरिका-कॅनडात मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी

इथे गर्दीतला खिसेकापू हा प्रश्न नाही. शांत वस्तीत सकाळी फिरायला निघालेल्या साडीतल्या किंवा सलवार-कुर्त्यातल्या बाईजवळ गाडी थांबते. आतली बाई पत्ता विचारते, ‘तुम्ही माझ्या आईसारख्या’ म्हणते, आशीर्वाद मागते आणि प्रेमाने गळ्यात एक चेन किंवा हातात बांगडी घालते. ती घालता घालता खरी चेन काढून घेतलेली असते. घरी आल्यावर आरशात पाहिलं की कळतं. भारतीय ज्येष्ठांना हेरूनच हे केलं जातं.

आईबाबांना एवढंच सांगा: गाडीच्या खिडकीजवळ जायचं नाही, दोन हात लांबून मान हलवायची, कुणी काही घालू लागलं तर मोठ्याने ‘नो’ म्हणून मागे सरायचं. वाईट वाटेल म्हणून थांबायचं नाही. फिरायला जाताना मंगळसूत्र ओढणीखाली किंवा बंद गळ्याच्या स्वेटरच्या आत. आणि घडलंच तर ९११, गाडीचा रंग आणि नंबर. त्यांनी घातलेला खोटा दागिना हाताळत न बसता कागदी पिशवीत पोलिसांसाठी ठेवायचा.

चोरी झालीच तर

दुसऱ्या फोनवरून आधी हरवलेला फोन लॉस्ट मोडमध्ये टाका, म्हणजे तो दुरूनच लॉक होतो. मग कार्डं बंद करा, सिम बंद करा, ई-मेलचा पासवर्ड बदला. हरवलेला फोन आपल्या खात्यातून काढून टाकू नका; तो खात्याला जोडलेला असेपर्यंत चोराला विकता येत नाही. काही दिवसांनी ‘तुमचा फोन सापडला, इथे लॉगिन करा’ असा मेसेज येईल. तो चोराचाच असतो.

त्यानंतर पोलीस. युरोपात तातडीचा नंबर ११२. इटलीत ‘देनुंचा’ आणि स्पेनमध्ये ‘देनुन्सिया’, म्हणजे तक्रार, असं म्हटलं की पोलीस काय हवंय ते ओळखतात. तक्रारीत प्रत्येक वस्तू वेगळी लिहून घ्या आणि शिक्का असलेली प्रत मागा. तक्रार त्याच दिवशी करा. टूरची बस पुढच्या शहरात निघाली की मागच्या ठाण्यात जाणं होत नाही, आणि उशिराची तक्रार पाहून विमा कंपनी शंका काढते.

विम्याकडून फार अपेक्षाही नको. बऱ्याच प्रवास विमा पॉलिसींत दागिने, रोकड आणि फोन वगळलेले असतात किंवा त्यांना अगदी कमी मर्यादा असते. लक्ष न ठेवलेल्या सामानाची चोरी तर बहुधा मान्य होतच नाही. बुफेच्या खुर्चीवरची पर्स त्यातच मोडते. पॉलिसी घेण्याआधी मौल्यवान वस्तूंची व्याख्या आणि दर वस्तूमागची कमाल रक्कम, एवढे दोन परिच्छेद वाचा. महागड्या कॅमेऱ्यासाठी किंवा दागिन्यांसाठी वेगळा विमा काढायचा असेल तर तो परदेशातही लागू आहे का, हे एजंटकडून तोंडी नको, लेखी घ्या.