नुकतेच पदवीधर झालेल्यांनी मुंबईत गृहकर्ज कसे घ्यावे

पहिल्या पगाराची नवलाई ओसरायच्या आत घरात विषय निघतोच की, भाडे भरण्यापेक्षा हप्ता भरलेला बरा. विचार चुकीचा नाही. मात्र बहुतेकांचा हिशेब हप्त्यापाशीच थांबतो. बँक जी रक्कम देतच नाही, तिचा विचार घर पसंत पडल्यानंतर सुरू होतो आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून घरे पाहायला निघण्यापूर्वी दोन हिशेब कागदावर मांडावेत.

पहिला हिशेब पात्रतेचा. बँक नेमणूकपत्रावरील वार्षिक पॅकेज पाहत नाही, दरमहा हाती येणारा पगार पाहते आणि सर्व हप्ते मिळून त्याच्या साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या आत बसवते. समजा, हाती ४०,००० रुपये येतात. म्हणजे फार तर २०,००० रुपयांचा हप्ता. ८.५ टक्के दराने ३० वर्षांसाठी एक लाखाचा हप्ता सुमारे ७६९ रुपये पडतो, म्हणजे कर्ज सुमारे २६ लाख मिळेल. आता यात शैक्षणिक कर्जाचा ६,००० रुपयांचा हप्ता आधीच चालू असेल, तर उरलेल्या १४,००० रुपयांत कर्ज थेट १८ लाखांवर येते. मोबाइलच्या हप्त्यांनाही हाच न्याय लागतो, हे हप्त्यावर फोन घेताना कोणाच्या लक्षात नसते.

दुसरा हिशेब रोख रकमेचा, आणि मुंबईत खरी कसोटी इथेच लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. ६० लाखांचे लहानसे घर घेतले, तर बँकेचे ४८ लाख आणि स्वतःचे १२ लाख. त्यावर मुंबईतील ६ टक्के मुद्रांक शुल्काचे ३ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३०,००० रुपये. हे दोन्ही खर्च कर्जाच्या हिशेबात धरले जात नाहीत. म्हणजे दलाली, प्रक्रिया शुल्क आणि सोसायटीचे हस्तांतरण शुल्क सोडूनच १५ लाख ९० हजार रुपये हाताशी हवेत. घर केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आई किंवा बहीण एकटीच मालक होणार असेल, तर ६० हजार रुपये वाचतात. मात्र मग कर्ज फेडणाऱ्याचे नाव मालकीत येत नाही, याचा विचार घरात बसून आधीच झालेला बरा.

एकट्याच्या पगारात हे बसत नसेल, तर आईवडिलांपैकी कोणाला सहकर्जदार करता येते. पण वडील ५४ वर्षांचे असतील, तर त्यांचा पगार बँक निवृत्तीपर्यंतचाच धरते, त्यामुळे पात्रता वाटते तितकी वाढत नाही. शिवाय एक हप्ता चुकला, तरी दोघांच्याही पतनोंदीवर डाग पडतो.

नव्या पदवीधराची अनेकदा पतनोंदच नसते. कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिल संस्थेच्या अहवालात गुणांच्या जागी उणे एक दिसले, तर ते वाईट पत नव्हे, पतच नसल्याची खूण आहे. मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड घेऊन त्यावर वाणसामानासारखा नेहमीचा खर्च करावा आणि दरमहा किमान रक्कम नव्हे, तर पूर्ण बिल भरावे. वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो अर्जापूर्वीच तपासावा. परिवीक्षा काळ संपल्याचे पत्र, पगारपत्रके, सहा महिन्यांचे बँक विवरण आणि फॉर्म १६ तयार ठेवावेत. अर्ज करण्याच्या तोंडावर नोकरी बदलू नये.

घर निवडताना बँकेची नजर उसनी घ्यावी. पागडीच्या, म्हणजे मालकी नसून भाडेकरूचा हक्क असलेल्या, खोलीवर बँका सहसा कर्ज देत नाहीत. पुनर्विक्रीच्या घराला भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे ना-हरकत पत्र आणि आधीच्या व्यवहारांची करारसाखळी लागते. आणि नव्या प्रकल्पाचा महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडील, नोंदणी क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावा, विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

कर्जाचा दर बहुधा रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी, जोडलेला असतो, म्हणून तो वाढल्यास हप्ता वाढणार की मुदत, हे आधीच विचारावे. मुदत लांबवण्याची किंमत मोठी आहे: ३० लाखांवर ८.५ टक्क्यांनी २० वर्षांत सुमारे ३२ लाख व्याज जाते, ३० वर्षांत ५३ लाख. तरीही सुरुवातीला लांब मुदत घेणेच मी योग्य मानतो, कारण बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो आणि पगार वाढेल तसे मुद्दल कमी करता येते. कर्जासोबतचा विमा कायद्याने सक्तीचा नाही. तो पुढे केला, तर हप्ता त्याच्यासह आणि त्याच्याविना, असा दोन्ही प्रकारे लेखी मागावा.

टोकन देण्यापूर्वी निदान तत्त्वतः मंजुरीपत्र हाती असावे, आणि कर्ज नाकारले गेल्यास टोकन परत मिळेल, असे पावतीवरच लिहून घ्यावे. रेरा कायद्याखालील नव्या प्रकल्पात करार नोंदण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. त्याहून जास्त मागितली, तर आधी कराराच्या नोंदणीची तारीख मागावी.