बाल्सावर बोटाने पेपर मारू नका

एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. पहिल्या मॉडेल ग्लायडरचा पंख मी बाल्सा या हलक्या लाकडाच्या दोन पट्ट्या जोडून केला आणि पॉलिशपेपर बोटांत धरून तासभर घासला. हाताला मस्त गुळगुळीत लागत होता. रात्री ट्यूबलाइटखाली तिरका धरून पाहिला, तर सांध्याची रेघ शिरेसारखी वर आलेली आणि तिच्या दोन्ही अंगांना खोलगट पन्हळ.

कारण साधं आहे. बाल्सा इतका मऊ की नखाने खूण पडते, आणि सांध्यात वाळलेलं फेवीक्विक काचेसारखं कडक. बोटही मऊच. ते लाकडात दबतं आणि डिंकावरून नुसतं सरकून जातं. म्हणून पेपरच्या मागे काहीतरी कडक आणि सपाट हवं. माझी हत्यारं सगळी भंगारातली आहेत, पण त्यांतलं एक, पेपर चिकटवायचा लांब सपाट पाइप, मी जिवापाड जपतो. त्याच्यापासूनच सुरुवात करू.

स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचे तुकडे पडलेले असतात. दोन इंच बाय एक इंचाचा, बरोबर अकरा इंच लांब तुकडा मागा. अकराच का? पॉलिशपेपरचा ताव साधारण ९ × ११ इंचांचा असतो, त्यामुळे पट्टी सांधावी लागत नाही. लाकडी ठोकळाही चालतो, पण माझा सागवानी ठोकळा एका पावसाळ्यात धनुष्य झाला, तेव्हापासून लाकूड बंद.

तुकडा घेण्याआधी तपासा. काचेवर ठेवा आणि वर्तमानपत्राची पट्टी खालून सरकवून पाहा. मध्येच सहज गेली तर तो तुकडा वाकडा आहे, दुसरा मागा. कापलेल्या टोकांची धार कानशीने मोडा, नाहीतर पहिल्याच फटक्याला पंखावर चरा उमटतो.

आता चिकटवणं, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. फोमवाला जाड डबलसाइड टेप अजिबात घेऊ नका. फोम दबतो, म्हणजे पुन्हा बोटच आलं. कागदासारखा पातळ टेप घ्या. पेपर मागच्या बाजूने कटरने कापा, म्हणजे पातं बोथट होत नाही. रुंद बाजूंपैकी एकीवर १२० नंबर (खरखरीत), दुसरीवर २४० (बारीक) लावा आणि मार्करने तसं लिहून ठेवा. एका कडेला दोन मिलिमीटर जागा कोरी सोडा. फिनच्या (शेपटीवरच्या उभ्या पंखाच्या) बुडाशी किंवा फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) कडेशी घासताना ही कोरी कड भिंतीला लागते आणि शेजारचं लाकूड खात नाही.

दुकानात ‘लाकडाला की लोखंडाला?’ असं विचारतील. लाकडाला सांगा. काळा पाणीपेपर रंगाच्या थरांसाठी ठेवा. कोऱ्या बाल्सावर तो राखाडी डाग सोडतो.

घासायच्या आधी पंखावर पेन्सिलने हलक्या नागमोडी रेघा मारा. हत्यार पंखाच्या लांबीला थोडं तिरकं धरून लांब, संथ हात फिरवा. दाब द्यायचा नाही, ॲल्युमिनियमचं वजन पुरतं. रेघा जिथे आधी पुसतात तिथे उंचवटा, जिथे टिकून राहतात तिथे खळगा. शेवटची रेघ गेली की थांबा. मी हौसेने आणखी चार हात मारतो आणि पंखावरचं दीड मिलिमीटरचं शीटिंग (बाल्साचं पातळ आवरण) आरपार दिसायला लागतं, ही माझी जुनी खोड.

ट्रेलिंग एज, म्हणजे पंखाची मागची कड, पातळ करताना पंख टेबलाच्या काठाला समांतर ठेवा आणि पंखाच्या ज्या भागाला हात लावायचा नाही तिथे मास्किंग टेपची पट्टी लावा. टेप घासला जायला लागला की समजायचं, हत्यार नको तिथे पोचलं.

लीडिंग एजच्या, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेच्या, गोलाईसाठी पीव्हीसी पाइप उभा चिरून आतून पेपर लावायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मी करून पाहिली. पाइपचा व्यास जरा चुकला तरी वर-खाली दोन धारा उमटतात. त्यापेक्षा दोन बोटं रुंद पेपरच्या पट्टीला मागून खाकी पॅकिंग टेप लावा, म्हणजे ती फाटत नाही. दोन्ही टोकं धरून बूटपॉलिशवाला फडकं ओढतो तशी ओढा. आधी लांब हत्याराने तीन-चार पैलू पाडून घेतलेले असले की पट्टीला फक्त कोपरे मोडायचं काम उरतं. पाइपचा उपयोग मी उलटा करतो. बाहेरून पेपर गुंडाळून पंख आणि बॉडीच्या सांध्यातली पुट्टी त्याने घासतो.

रिबांच्या (पंखाच्या आतल्या फासळ्यांच्या) खाचांसाठी आइस्क्रीमच्या काड्या. काडीच्या एकाच बाजूला १८० नंबर लावा. दोन्ही बाजूंना लावलात तर कागदाची जाडी दुप्पट होऊन स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी दांडी) खाचेत खुळखुळेल. घासताना स्पारचा तुकडा हाताशी ठेवा आणि दर दोन-तीन हातांनी बसवून पाहा. बोटाने ढकलल्यावर बसला आणि पंख उलटा केल्यावर पडला नाही, की खाच झाली.

पेपर भरला की आधी जुन्या टूथब्रशने झाडा. तरीही नुसता सरकायला लागला तर टेप हेअर ड्रायरने गरम करून पट्टी सोलून काढा आणि नवी लावा. धूळ मैद्यासारखी बारीक असते, तेव्हा पंखा बंद आणि नाकावर मास्क. मी गॅलरीत बसतो, दोरीवरचे कपडे आधी आत घेऊन. एकदा विसरलो होतो, त्यानंतर आठवडाभर चहा स्वतःच करून प्यायलो.