ओस पडत चाललेल्या वाचनालयाची देवघेव पुन्हा कशी सुरू करावी

लहान गावातले वाचनालय रोडावू लागले की कार्यकारिणीच्या सभेत बहुधा दोन ठराव येतात: नवी पुस्तके घ्यावीत आणि संगणक बसवावा. दोन्ही ठराव रास्त आहेत, मात्र ते फार लवकर मांडले जातात, कारण वाचक नेमके कधी आणि का गेले याचा शोध तोवर कोणी घेतलेला नसतो. दोष मोबाइलवर टाकणे सोपे असते. परंतु लंडनमध्ये चार्ल्स एडवर्ड म्युडी यांनी १८४२ मध्ये सुरू केलेले वर्गणीचे प्रसिद्ध वाचनालय १९३७ मध्ये बंद पडले आणि बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीची वाचनालये १९६६ मध्ये संपली, तेव्हा मोबाइल कोणाच्या स्वप्नातही नव्हता. म्युडींच्या काळी कादंबरी तीन खंडांत निघे आणि ती विकत घेणे बहुतेकांना परवडत नसे. स्वस्त आवृत्त्या आल्या तसे वर्गणी भरण्याचे ते जुने कारणच विरत गेले. पुस्तक दुर्मीळ असण्यावर ज्या वाचनालयाचा डोलारा उभा आहे, ते पुस्तक सुलभ झाल्यावर टिकत नाही. पुस्तकांच्या पुरात आपल्याला आवडेल असे एक पुस्तक काढून हातात ठेवणारा माणूस मात्र अजूनही दुर्मीळ आहे, आणि पुढील सर्व कामे त्याला मोकळा वेळ व नेमकी माहिती मिळावी यासाठी करायची आहेत.

सुरुवात देवघेवीच्या नोंदवहीपासून करावी. गेल्या चोवीस महिन्यांच्या नोंदी समोर घेऊन प्रत्येक सभासदापुढे त्याने शेवटचे पुस्तक नेल्याची तारीख लिहावी. पटावरील सभासद आणि प्रत्यक्ष पुस्तक नेणारे सभासद यांतील अंतर या एका कामातून कळते, आणि ते बहुतेक वेळा धक्कादायक असते. वर्गणी भरत राहणारा पण वर्षभर न फिरकलेला सभासद हिशेबात दिसतो, वाचनालयात दिसत नाही. त्यानंतर पुस्तकांकडे वळावे. संग्रह मोठा असेल तर सगळी कपाटे उपसण्याची गरज नाही. कपाटातील दर दहावे पुस्तक काढून त्याच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावरील अखेरची तारीख टिपावी. तीनेकशे पुस्तके अशी तपासली की कोणत्या विषयाची मांडणी जिवंत आहे आणि कोणती नुसती धूळ खात आहे याचे पुरेसे विश्वसनीय चित्र हाती येते. वर्षभरातील एकूण देवघेवीला एकूण पुस्तकांनी भागून येणारी संख्या ठळक लिहून ठेवावी. ती पावाइतकी किंवा त्याहून कमी असेल, तर एक पुस्तक सरासरी चार वर्षांतून एकदाच कपाटाबाहेर पडते आहे, असा तिचा अर्थ होतो.

दुसरे काम मनाला जड जाते, ते म्हणजे पुस्तके बाद करण्याचे. गच्च भरलेल्या कपाटातून पुस्तक सहज निघत नाही, आणि फाटक्या पुठ्ठ्यांच्या गर्दीत असलेले चांगले पुस्तकही वाचकाला टाकाऊ वाटते. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या ग्रंथालय विभागाने १९७६ मध्ये लहान ग्रंथालयांसाठी जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यावरून आजही वापरता येतील असे प्रश्न तयार होतात: पुस्तकातील माहिती आता चुकीची ठरली आहे काय, ते हाताळण्यापलीकडे जीर्ण झाले आहे काय, त्याची सुधारित आवृत्ती निघाली आहे काय, इथल्या वाचकांना त्याचा काही उपयोग आहे काय, आणि ते अन्यत्र सहज मिळते काय. कालबाह्य कायद्यांची, औषधांची आणि परीक्षांच्या तयारीची पुस्तके या कसोटीवर आधी निघावीत. याउलट परिसराचा इतिहास, स्थानिक संस्थांच्या स्मरणिका आणि अन्यत्र न मिळणारी जुनी मासिके देवघेवीतून काढून वेगळ्या कपाटात जपावीत. त्यांचे मोल तारखांच्या कागदावर मोजता येत नाही. बाद करावयाच्या पुस्तकांची यादी सभेत मंजूर करून घ्यावी, दाखल नोंदवहीत प्रत्येक क्रमांकापुढे ठरावाची तारीख लिहावी आणि तो दाखल क्रमांक पुन्हा कोणत्याही पुस्तकाला देऊ नये. हा काटेकोरपणा टाळला तर दहा वर्षांनी कोणीतरी हरवलेल्या पुस्तकांचा हिशेब मागते आणि उत्तर देणारे कोणी उरलेले नसते.

ठेवायच्या पुस्तकांना कसर लागली असेल, तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सियसच्या आसपासच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवावीत आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, अन्यथा पानांवर दव धरते. फाटलेल्या पानांना साधी चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदच खराब करतो. कपाटे भिंतीपासून थोडी पुढे ओढावीत, म्हणजे ओल आणि वाळवी वेळेवर दिसेल.

आता खऱ्या कामाकडे येऊ. पहिल्या पाहणीत येईनासे झालेले जे सभासद सापडले, त्यांच्यापैकी तीसेक जणांना ग्रंथपालाने स्वतः भेटावे किंवा फोन करावा. छापील विनंतीपत्र पाठवू नये. ते कोणी वाचत नाही. ‘तुम्ही का येत नाही?’ हा प्रश्नही टाळावा, कारण त्यात तक्रारीचा सूर असतो आणि ‘वेळ मिळत नाही’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘अलीकडे मनापासून आवडलेले पुस्तक कोणते?’ असे विचारावे आणि उत्तर त्या सभासदाच्या नावापुढे लिहून ठेवावे. पुढच्या आठवड्यात त्याच धाटणीचे एक पुस्तक त्याच्या नावाची चिठ्ठी लावून राखून ठेवावे व तसे त्याला कळवावे. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तीन सूत्रे या एका कृतीत येतात: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक आणि वाचकाच्या वेळेची बचत. निवड चुकली तरी बिघडत नाही. न आवडलेल्या पुस्तकावर बोलायलाही माणूस परत येतोच, आणि दुसरी निवड पहिल्यापेक्षा नेमकी होते.

या भेटींत एक अडचण बहुधा चाचरत सांगितली जाते, ती म्हणजे परत करायचे राहून गेलेले पुस्तक आणि त्यावर साचलेला दंड. दंडाच्या संकोचाने पुस्तकही जाते आणि वाचकही. शिकागो सार्वजनिक ग्रंथालयाने ऑक्टोबर २०१९ पासून उशिराचा दंड रद्द केला, तेव्हा लगेचच्या आठवड्यांत परत येणाऱ्या पुस्तकांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढली. लहान वाचनालयाचे दंडाचे उत्पन्न तसेही नगण्य असते. ते सोडून द्यावे आणि फक्त हरवलेल्या पुस्तकाची किंमत अनामत रकमेतून वसूल करण्याचा नियम ठेवावा.

वेळापत्रकही याच दृष्टीने तपासावे. लोक कामावर असताना उघडे आणि ते घरी परतल्यावर बंद, अशी वेळ ज्या वाचनालयाची आहे त्याने वाचनसंस्कृतीविषयी बोलू नये. तास वाढवता येत नसतील तर ते सकाळकडून संध्याकाळकडे सरकवावेत आणि साप्ताहिक सुटी सार्वजनिक सुटीच्या दिवशी घेऊ नये.

मुलांच्या बाबतीत सल्ले पुष्कळ दिले जातात. इथे दोनच गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. त्यांची पुस्तके त्यांच्या हाताला येतील अशा उंचीवर, मुखपृष्ठ समोर करून मांडावीत आणि कोणते पुस्तक न्यायचे हे मुलानेच ठरवावे. ‘हे तुझ्या वयाचे नाही’ असे ऐकावे लागलेले मूल पुन्हा येईलच असे नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास कोणीतरी नीट वाचून दाखवावे, आणि वाचलेले पुस्तक तिथेच देवघेवीसाठी ठेवावे. निबंधस्पर्धा व बक्षिसे यांची वाचनाशी जी गाठ घातली जाते ती मला संशयास्पद वाटते. स्पर्धा संपली की त्यातली बहुतेक मुले दिसत नाहीत.

नवी खरेदी वर्षअखेरीस एकदम न करता दरमहा थोडी करावी, आणि निदान निम्मी पुस्तके वाचकांनी मागणीवहीत लिहिलेल्या नावांतून घ्यावीत. दर महिन्याला मांडणीवर काही नवे दिसणे हेच वाचकाला यायला कारण होते.

संगणकाचा प्रश्न शेवटी घ्यावा. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या छोट्या भागातील ग्रंथालयासाठी बनलेली आणि २००० मध्ये वापरात आलेली कोहा ही आज्ञावली मुक्त असून तिचा परवाना विकत घ्यावा लागत नाही. ती बसवण्यापूर्वी बाद करण्याचे काम पुरे झालेले असावे, नाहीतर जी पुस्तके काढायचीच आहेत त्यांच्या नोंदी करण्यात सहा महिने जातात.

सहा महिन्यांनी नोंदवही पुन्हा उघडून पहिल्या दिवशी लिहिलेल्या संख्येशेजारी नवी संख्या लिहावी. सहा महिन्यांच्या देवघेवीची दुप्पट करून, बाद केल्यानंतर उरलेल्या पुस्तकांनी भागावे. भाजक लहान झाल्यामुळे संख्या आपोआप थोडी वाढलेली दिसेल. म्हणून देवघेवीचा निव्वळ आकडाही स्वतंत्रपणे ताडून पाहावा, आणि भेटलेल्या त्या तीस जणांपैकी किती जणांच्या नावापुढे नवी तारीख पडली हे मोजावे. दहा जणांच्या नावापुढे पडली असेल, तर यादीतले पुढचे तीस जण निवडावेत.